रोज किमान एक मैल

ब्रिटिश मॅरेथॉनपटू रॉन हिल डिसेंबर १९६४ ते जानेवारी २०१७ रोज धावले. तब्बल ५२ वर्षं! १९७०ची बोस्टन मॅरेथॉन जिंकलेला हा माणूस पायाच्या शस्त्रक्रियेनंतर कुबड्या घेऊनही मैलभर गेला. शेवटी धावताना छातीत दुखलं, तेव्हा मात्र थांबला. मला तो थांबण्याचा निर्णय जास्त मोठा वाटतो.

रोज धावणाऱ्यांचा नियम एकच: किमान एक मैल, म्हणजे १.६ किमी. घरात तान्हं बाळ असलं, तरी त्याला कुणी पंधरा मिनिटं घेतलं की हे जमतं. बाबागाडी ढकलत धावायचं, तर बाळ निदान ६ महिन्यांचं हवं, तेही डॉक्टरांना विचारूनच. तुम्हाला नुसती सर्दी असेल तर हळू धावा. ताप किंवा छातीत कफ असेल तर अजिबात नको. विषाणूच्या तापात दमवणारा व्यायाम केला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका वाढतो.