हलक्या सायकलीचें गणित

सायकल हें साधें वाहन म्हणून ओळखलें जातें. दोन चाकें, एक सांगाडा, एक साखळी आणि बसावयास एक बैठक, एवढाच तिचा संसार. घरोघरीं वापरली जाणारी सायकल मडगार्ड, कॅरिअर, स्टँड व घंटी यांसह वीस किलोच्या आसपास भरते, आणि तिच्या वजनाबद्दल कोणाची फारशी तक्रार नसते. परंतु याच वाहनाची एक निराळी जात आहे. तींत प्रत्येक भाग कांट्यावर तोलून निवडलेला असतो, सांगाडा एकाच स्वाराच्या मापानें घडविलेला असतो, आणि सबंध यंत्राचें वजन सहा-सात किलोंच्या पलीकडे जात नाहीं. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तर कांहीं हौशी कारागिरांनीं तीन किलोंच्या जवळपास वजनाच्या सायकली तयार केल्या, आणि त्या रस्त्यावर चालविल्याहि. वजनाचा हा हव्यास कशासाठीं, त्यापासून लाभ किती, आणि तो लाभ संपून धोका कोठें सुरू होतो, हे प्रश्न विचार करण्याजोगे आहेत.

स्वाराच्या पायांतील शक्ति मुख्यतः तीन ठिकाणीं खर्च होते. चढावर स्वतःचें व सायकलीचें ओझें वर उचलावें लागतें. सपाटीवर वारा कापावा लागतो. आणि टायर रस्त्यावर दबत राहिल्यामुळें थोडी शक्ति सतत झिजत असते. वजनाचा संबंध यांपैकीं पहिल्या खर्चाशीं सरळ येतो, तिसऱ्याशीं थोडा येतो, आणि दुसऱ्याशीं मुळींच येत नाहीं.

फ्रान्समधील आल्प द्युएझ हा चढ सायकलस्वारांत प्रसिद्ध आहे. त्याची लांबी १३.८ किलोमीटर, चढण सुमारें ११०० मीटर, आणि वळणें २१. स्वार, सायकल, पाणी व कपडे मिळून ८० किलो ओझें आहे, आणि स्वाराला वर पोंचण्यास एक तास लागतो असें समजावें. आतां सायकलींतून एक किलो वजन काढून टाकलें, तर ओझ्याचा ऐंशीवा हिस्सा कमी झाला. तासाचा ऐंशीवा हिस्सा म्हणजे ४५ सेकंद. फार तर एवढाच वेळ वांचेल. शर्यतींत पहिल्या आणि दहाव्या स्वारामध्यें ४५ सेकंदांचें अंतर पुष्कळ असतें, म्हणून धंदेवाईक स्वाराच्या दृष्टीनें हा लाभ मोठा आहे. उलट, रविवारीं हौसेखातर घाट चढणाऱ्याला तो क्वचितच जाणवेल. शिवाय बाटलींतील अर्धा लिटर पाणी म्हणजे अर्धा किलो वजन हें ध्यानांत घेतलें, तर शंभर-पन्नास ग्रॅमसाठीं मोजलेल्या रकमेचा विचार निराळ्या रीतीनें करावा लागतो.

सपाट रस्त्यावर हिशेब पार बदलतो. वाऱ्याचा विरोध मोडण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग ताशीं २० किलोमीटरांवरून ४० वर नेला, तर त्या विरोधासाठीं आठपट शक्ति लागते. हा विरोधहि बहुतांशीं सायकलीला होत नसून स्वाराच्या देहाला होतो. त्यामुळें पाठ थोडी वांकवून, कोपरें आंत घेऊन बसणारा स्वार जें मिळवितो, तें किलोभर वजन कमी करून मिळत नाहीं.

मग सायकल हलकी करावयाची ती कशी? या कामांत मुख्य भाग सांगाड्याचा. पोलादाचा एक घन सेंटिमीटर तुकडा सुमारें ७.८ ग्रॅम भरतो, टायटॅनियमचा ४.५ आणि ॲल्युमिनियमचा २.७. यावरून ॲल्युमिनियमची सायकल पोलादी सायकलीच्या एकतृतीयांश वजनाची व्हावी असें वाटेल. परंतु ॲल्युमिनियमचा ताठपणाहि पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांशच असतो, व टायटॅनियमचा निम्म्याहून थोडा अधिक. म्हणजे भारोभार हिशेब केला तर तिन्ही धातु जवळजवळ सारखेच ठरतात. हलक्या धातूचा खरा फायदा नळीच्या आकारांत आहे. नळीचा व्यास दुप्पट केला व भिंत निम्मी पातळ केली, तर वजन तेवढेंच राहतें, पण वांकण्याविरुद्धचा ताठपणा चौपट होतो. पोलादाच्या बाबतींत हा प्रयोग फार पुढें नेतां येत नाहीं, कारण भिंत इतकी पातळ होते कीं, नळी पत्र्याच्या डब्याप्रमाणें चेपते. ॲल्युमिनियम हलकें असल्यामुळें नळी जाड घेऊनहि भिंतीला पुरेशी जाडी ठेवतां येते. म्हणूनच ॲल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या ठळक आणि पोलादी सायकलींच्या सडपातळ दिसतात.

पोलादाच्या कारागिरांनीं दुसरी युक्ति काढली. नळीवर सर्वांत अधिक ताण येतो तो सांध्यांपाशीं. मधल्या भागावर तो कमी असतो. तेव्हां टोकांना भिंत जाड आणि मध्यें पातळ ठेवावी. इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड रेनल्ड्स यानें अशा नळ्यांचें पेटंट १८९७ सालीं घेतलें, आणि त्याच्या कंपनीनें १९३५ सालीं '५३१' या नांवाचें मँगनीज व मॉलिब्डेनमयुक्त पोलाद बाजारांत आणलें. पुढें कित्येक वर्षें उत्तम सायकल म्हणजे या नळ्यांची सायकल, असें समीकरणच झालें होतें.

कार्बनतंतूंची गोष्ट निराळी आहे. राळेंत बसविलेल्या या तंतूंचें वजन दर घन सेंटिमीटरास अवघें दीड ग्रॅमच्या आसपास असतें, आणि त्यांचें बळ तंतूंच्या दिशेनेंच सर्वाधिक असतें. कारागीर एकावर एक थर निरनिराळ्या दिशांनीं बसवितो. जेथें पीळ पडतो तेथें तिरपे थर, जेथें वांक येतो तेथें उभे, आणि जेथें ताण नाहीं तेथें थरच कमी. अशा रीतीनें किलोच्या आंत बसणारा सांगाडा तयार होतो.

सांगाड्यानंतर चाकांचा क्रम लागतो. फिरणाऱ्या वजनाला दुप्पट किंमत असते असें सांगितलें जातें, तें अर्धेंच खरें आहे. धांवेवरचें व टायरमधलें वजन पुढेंहि जातें आणि गरगर फिरतेंहि; म्हणून वेग वाढवितांना त्याला जवळजवळ दुप्पट शक्ति लागते. परंतु एकसारख्या वेगानें घाट चढतांना चाकांतला एक ग्रॅम आणि बैठकींतला एक ग्रॅम यांत फरक राहत नाहीं. वळणावळणांवर वेग मोडून पुन्हां घ्यावा लागणाऱ्या शर्यतींत मात्र हलकीं चाकें स्वाराला आवडतात.

हलकेपणाचें ध्येय किती दूर नेतां येतें याचें उदाहरण म्हणून १९७२ सालची सायकल नेहमीं सांगितली जाते. बेल्जियमचा एडी मर्क्स याला एका तासांत अधिकांत अधिक अंतर तोडण्याचा विक्रम करावयाचा होता. इटलींतील अर्नेस्टो कोलनागो या कारागिरानें त्याच्यासाठीं बंदिस्त चक्रमार्गावरची पोलादी सायकल बांधली. तिला ब्रेक नव्हते, गिअर नव्हते. साखळीच्या कड्यांना भोकें पाडलेलीं होतीं. हँडल धरून ठेवणारा दांडा त्या काळीं दुर्मिळ असलेल्या टायटॅनियमचा होता. सबंध सायकल पावणेसहा किलोंच्या आसपास भरली. २५ ऑक्टोबर १९७२ रोजीं मेक्सिको शहरांतील विरळ हवेंत मर्क्सनें ४९ किलोमीटर ४३१ मीटर अंतर कापलें.

हा विक्रम पुढें मोडला तो सायकल आणखी हलकी करून नव्हे. १९८४ सालीं फ्रान्सेस्को मोझेर यानें आऱ्यांऐवजीं भरीव तबकडीचीं चाकें वापरलीं. जुलै १९९३ मध्यें स्कॉटलंडचा ग्रेएम ओब्री यानें स्वतः बांधलेल्या सायकलीवर, हात छातीखालीं दुमडून, ५१ किलोमीटर ५९६ मीटर अंतर तोडलें. त्याच्या सायकलींत कपडे धुण्याच्या यंत्रांतलें बेअरिंग बसविलेलें होतें. दोघांनींहि वाऱ्याशीं झुंज घेतली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें मात्र १९९६ सालीं लुगानो येथें असें ठरविलें कीं, शर्यत ही माणसांची असावी, यंत्रांची नसावी. २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीचें वजन ६.८ किलोंहून कमी असूं नये असा नियम झाला. मर्क्सची सायकल या नियमांत बसली नसती! त्याच वर्षीं, मर्क्सच्या काळच्या साध्या धर्तीची सायकल घेऊन, ब्रिटनचा ख्रिस बोर्डमन मँचेस्टर येथें उतरला आणि त्यानें ४९ किलोमीटर ४४१ मीटर अंतर तोडलें. अठ्ठावीस वर्षांच्या सुधारणा बाजूला ठेवल्यावर फरक उरला तो दहा मीटरांचा.

वजनाच्या मर्यादेमागें सुरक्षिततेचाहि विचार आहे. धातूला थकवा येतो. पोलादावरील ताण एका मर्यादेच्या आंत असला, तर तें दीर्घकाळ टिकतें. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं, त्यांत बारीक चीर वाढत जाऊन एक दिवस भाग मोडतो. कार्बनच्या सांगाड्याला जोराचा धक्का बसला, तर बाहेर कांहीं न दिसतां आंतले थर सुटतात. घाट चढतांना मोडलेला भाग स्वाराला पायीं चालावयास लावील. उतारावर तोच भाग मोडला तर जीव जाईल. यासाठीं जाणते कारागीर बैठक, बाटलीचा पिंजरा, टायर यांतून ग्रॅम काढतात, पण पुढचा चिमटा, हँडल व ब्रेक यांच्या बाबतींत हात आंखडता घेतात. बोल्ट आवळतांनाहि ते अंदाजावर न जातां, जोर मोजणारा पाना वापरतात.

मुंबई-पुणें शर्यतींतील बोरघाट असो वा आल्प्समधील खिंड असो, ज्याला आपल्यासाठीं सायकल बांधून घ्यावयाची आहे त्यानें प्रथम आपलें माप घ्यावें: पायांची लांबी, धडाची लांबी, हातांची पोंच आणि स्वतःचें वजन. नव्वद किलोंच्या माणसाला पंचावन्न किलोंच्या माणसाचा सांगाडा मानवणार नाहीं, मग तो कितीहि हलका असो. मापाची सायकल, चांगले टायर, सोसवेल अशी वांकती बैठक, आणि त्यानंतर वजन, असा हा क्रम आहे. तो पाळणाऱ्याचा पैसा वांचतो, आणि घाट उतरून तो सुखरूप घरीं येतो.