सारंग, सुकाणी, भंडारी

कोकणात ‘तो बोटीवर असतो’ एवढं सांगितलं की पुढचं फारसं विचारावं लागत नाही. ऐकणाऱ्याला कळतं, की या घरचा कर्ता माणूस वर्षातले बरेच महिने समुद्रावर असणार. मुलाचं बारसं, बहिणीचं लग्न, बापाचं आजारपण त्याच्यावाचूनच पार पडलेलं असणार. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावांत आणि गोव्यात सासष्टी-बारदेशात अशी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्या घरांतली निवृत्त माणसं संध्याकाळी जेटीवर, पारावर किंवा गोव्यातल्या तिंट्यावर एकत्र बसली की गप्पांची सुरुवात ठरलेली असते: कंपनी कोणती, बोट कोणती, सारंग कोण होता?

या गप्पांना आधार असतो एका जुन्या पुस्तिकेचा. तिचं सरकारी नाव कंटिन्युअस डिस्चार्ज सर्टिफिकेट, पण बोटीवरची माणसं तिला ‘नली’ म्हणतात. खलाशी कोणत्या बोटीवर, कोणत्या हुद्द्यावर, कोणत्या तारखेला चढला आणि कुठल्या बंदरात उतरला, याची ओळीने नोंद त्यात असते. शाळेचा दाखला हरवला तरी चालेल, नली हरवता कामा नये, कारण तिच्यावाचून पुढची बोट मिळत नसे. आज ऐंशी ओलांडलेल्या माणसाला नलीतलं एक पान दाखवलं तर त्या बोटीवरच्या सोबत्यांची नावं, भंडाऱ्याच्या, म्हणजे खलाशांच्या स्वयंपाक्याच्या, हातची आमटी आणि बिस्केच्या उपसागरातलं वादळ एकापाठोपाठ एक आठवू लागतं.

वैनगंगेच्या खोऱ्यात, लांजी-गोंदियाकडे राहणाऱ्या वाचकाला हे जग लांबचं वाटेल. पण ते तितकं लांब कधीच नव्हतं. बालाघाटच्या खाणींतलं मँगनीज इंग्रजांच्या काळापासून रेल्वेने बंदरावर जाई आणि तिथून बोटींनी युरोपातल्या पोलाद कारखान्यांत पोचे. आजही भारताच्या परदेश व्यापारातला वजनाने सुमारे 95 टक्के माल समुद्रमार्गानेच ये-जा करतो. हा माल ज्यांनी वाहिला त्यांची नावं इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच सापडतात. ती त्यांच्या आठवणींतच शोधावी लागतात.

वाफेच्या बोटींच्या काळात खलाशांचे तीन ताफे असत. डेकवरच्या ताफ्याचा प्रमुख सारंग. त्याच्या हाताखाली टंडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, दिवे आणि सामान सांभाळणारा कसब आणि मग साधे खलाशी. इंजिनाकडच्या ताफ्याला वेगळा सारंग असे. त्यात तेलवाला, भट्टीत कोळसा टाकणारा आगवाला आणि बंकरमधून कोळसा ओढून आणणारा कोयलावाला. तिसरा ताफा सलूनचा, म्हणजे बटलर, वाढपी आणि स्वयंपाकी यांचा. मुंबईतून निघणाऱ्या बोटींवर डेकची माणसं बहुतांशी रत्नागिरी, काठेवाड, दीव-दमणची असत, इंजिनातली पंजाब आणि वायव्येकडची, तर सलून गोवेकरांचं. कोलकात्याहून निघणाऱ्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली, चितगावची माणसं भरत. कोकण किनाऱ्यावर आज जी सारंग, तांडेल अशी आडनावं आढळतात, त्यांच्यामागे हीच हुद्द्यांची उतरंड आहे.

सारंग हा नुसता मुकादम नव्हता. आपल्याच गावातून, नात्यागोत्यातून तो माणसं उचलून आणी. घरी अडचण असली तर उचल देई, बोटीवर भांडण झालं तर मिटवी, गोऱ्या अधिकाऱ्यासमोर आपल्या माणसांच्या वतीने बोले. पण त्याच हातात नोकरी देण्याची सत्ता असल्यामुळे लाचही तिथेच सुरू होई. पगारातला काही भाग सारंगाला, काही भाग भरतीच्या दलालाला द्यावा लागे. बोट नसेल तेव्हा महिनोन्‌महिने मुंबईत थांबायचं, त्यात सावकाराचं कर्ज चढायचं. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे दिनकर देसाई यांनी मुंबईत खलाशांच्या संघटनेचं काम केलं आणि 1940 मध्ये भारतातल्या सागरी कामगारांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर सरकारी भरती कार्यालयं आली, पाळीप्रमाणे नाव पुकारलं जाऊ लागलं आणि दलालांचा जोर कमी झाला.

इतक्या प्रांतांची माणसं एकाच बोटीवर काम करत, तेव्हा हुकूम कोणत्या भाषेत देत? त्यासाठी खलाशांची ‘लष्करी’ बोली तयार झाली होती. हिंदुस्तानी, पोर्तुगीज, अरबी, फारसी, इंग्रजी, मलय अशा अनेक भाषांतले शब्द तिच्यात मिसळले होते. टॉमस रोबक या इंग्रज अधिकाऱ्याने 1811 मध्ये कोलकात्यात या बोलीचा कोशच छापला. अमिताव घोष यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सी ऑफ पॉपीज’ या कादंबरीसाठी त्या कोशाचा मोठा आधार घेतला. ‘हाबेस’ म्हणजे ओढा, वर घ्या. ‘आरिया’ म्हणजे खाली सोडा. हे हुकूम आजही अवजड यंत्रं उचलणाऱ्या टोळ्यांच्या तोंडी ऐकू येतात, आणि ते म्हणणाऱ्यांतल्या अनेकांनी बोट पाहिलेलीही नसते.

कामाचा दिवस वॉचने मोजला जाई. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. रात्री बारा ते चारचा वॉच सर्वांत जड. सुकाण्याने होकायंत्रावर नजर ठेवायची, एकाने पुढे उभं राहून दिवे आणि बोटी पाहायच्या. दिवसा गंज खरवडायचा, शेंदरी रंगाचा हात द्यायचा, वर पुन्हा रंग. पोलाद आणि खारं पाणी यांचं वैर कधी संपत नाही, त्यामुळे बोटीच्या एका टोकाचं खरवडून होईपर्यंत दुसऱ्या टोकाला गंज धरलेला असे. इंजिनातल्या माणसांचे हाल याहून मोठे. तांबड्या समुद्रातून जाताना भट्टीपुढचा उकाडा जीव घेई आणि आगवाले पाळी संपवून वर येत ते कोसळण्याच्या बेतात. तेलावर चालणारी इंजिनं आली तेव्हा हे काम संपलं.

साठ आणि सत्तरच्या दशकांत बोटीवर असलेल्यांच्या बोलण्यात सुवेझ हमखास येतं. जून 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर हा कालवा आठ वर्षं बंद होता. तो उघडला 5 जून 1975 रोजी. तोवर मुंबईहून युरोपला जायचं म्हणजे आफ्रिकेला पूर्ण वळसा घालून, केप ऑफ गुड होपच्या उसळत्या समुद्रातून. सफर आठवड्यांनी लांबे. घरची पत्रं पुढच्या बंदरातल्या एजंटाकडे येऊन पडलेली असत, आणि बोटीचा मार्ग बदलला तर ती मागून हिंडत येत. फारच निकडीचं असलं तर रेडिओ ऑफिसर मोर्समधून मुंबई रेडिओमार्फत तार पाठवी. जगभरच्या बोटींवरची सक्तीची मोर्स सेवा 1 फेब्रुवारी 1999 पासून बंद झाली.

महायुद्धांच्या आठवणी मात्र आता मुलं-नातवंडंच सांगतात, कारण त्या अनुभवलेली पिढी गेली. 1914 मध्ये ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांहून अधिक भारतीय आणि इतर आशियाई खलाशी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर भारतीय खलाशाचा पगार गोऱ्या खलाशाच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होता. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच लंडनसह अनेक बंदरांत भारतीय खलाशांनी पगारवाढ आणि युद्धभत्ता मिळेपर्यंत बोट हलवायला नकार दिला. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं गेलं, पण पगार वाढले.

पुढे समुद्राने मोठी किंमत वसूल केली. 17 सप्टेंबर 1940 रोजी ‘सिटी ऑफ बनारस’ ही बोट अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली. इंग्लंडमधून कॅनडाला पाठवल्या जाणाऱ्या मुलांच्या मृत्यूमुळे ती घटना जगाला ठाऊक झाली, पण त्याच रात्री शंभरावर भारतीय खलाशीही गेले. 23 नोव्हेंबर 1942 रोजी मुंबईहून आफ्रिकेकडे निघालेली ‘तिलावा’ जपानी पाणबुडीने बुडवली. तिच्यावरच्या 958 जणांपैकी 280 जण मृत्युमुखी पडले. ऐंशी वर्षांनी, 2022 मध्ये, त्यांचे वंशज मुंबईत स्मरणासाठी जमले.

मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी तिथे स्मरणग्रंथ ठेवला असून तशीच एक प्रत बांगलादेशात चितगावला आहे. त्यात नौदलाच्या सुमारे 400 आणि व्यापारी जहाजांवरच्या जवळपास 6,000 माणसांची नावं आहेत. या सगळ्यांना समुद्रानेच ठेवून घेतलं. त्यांची कबर कुठेच नाही. रोज हजारो लोक मस्जिद स्टेशनवर उतरतात, पण हे स्मारक पाहायला फार थोडे वळतात.

भारतीय मालकीच्या बोटींची आठवण निघाली की सिंधिया कंपनीचं नाव अपरिहार्य. 5 एप्रिल 1919 रोजी ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती रुग्णालय-बोट म्हणून घेतली होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांच्या भागीदारांनी ती महाराजांकडून विकत घेतली आणि कंपनीला शिंद्यांचंच नाव दिलं. 5 एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. सिंधियाच्या बोटींची नावं ‘जल’ने सुरू होत. विशाखापट्टणमला बांधलेली ‘जलउषा’ 14 मार्च 1948 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली.

गोवेकरांच्या आठवणी मुंबईतल्या कूडीपाशी येऊन थांबतात. धोबी तलावच्या परिसरात, जेर महालसारख्या जुन्या इमारतींत, गोव्यातल्या एकेका गावाने आपली कूड उभी केली होती. मोठी खोली, भिंतीलगत ओळीने पेट्या, एका बाजूला गावच्या संताची वेदी. बोट मिळेपर्यंत तारवटी, म्हणजे गोवेकर खलाशी, इथे नाममात्र वर्गणीत राहत, संध्याकाळी एकत्र रोझरी म्हणत, गावच्या फेस्ताला पैसे जमवत. उतरून आलेला माणूस बंदरावरून थेट इथे येई आणि गावाकडची बातमी त्याला पहिल्यांदा इथेच कळे. बोटीवर स्वयंपाकी, बटलर, वाद्यवादक म्हणून गेलेल्या शेकडो गोवेकरांचा प्रवास या खोल्यांतून सुरू झाला. अशा थोड्या कूडी अजून तग धरून आहेत.

गावात राहिलेल्या बायकांच्या आठवणी कुणी विचारत नाही, आणि त्या तितक्याच महत्त्वाच्या आहेत. नवऱ्याच्या पगारातला ठरावीक भाग कंपनी दरमहा घरी पाठवी. त्याला अलॉटमेंट म्हणत. त्यावर शेती, शाळा, दवाखाना, घराचं बांधकाम सगळं बाईनेच उरकायचं. अनेक मुलांची बापाशी पहिली ओळख फोटोतून झाली.

सत्तरनंतर कंटेनर आले आणि बोटीवरचं आयुष्य बदललं. पूर्वी माल उतरवायला आठवडा-पंधरवडा लागे. त्या काळात खलाशी गाव हिंडे, माणसं जोडी, नव्या भाषेतले चार शब्द शिके. आता अजस्र बोटी एखाद-दुसऱ्या दिवसात निघतात आणि पन्नास-साठ माणसांचं काम वीस-पंचवीस जण करतात. मार्च 2021 मध्ये सुवेझमध्ये अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’वरचे 25 खलाशी भारतीयच होते. बोट मोकळी झाल्यावरही नुकसानभरपाईच्या वादात ती जुलैपर्यंत कालव्याच्या वाटेवरच रोखून ठेवली गेली.

निवृत्तीनंतर बहुतेकांच्या हाती आली ती 1966 च्या कायद्याने सुरू झालेल्या भविष्य निर्वाह निधीची रक्कम. गोवा सरकारने निवृत्त दर्यावर्दींसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी दरमहा 2,500 रुपयांची योजना आणली. त्यासाठीही नलीतल्या नोंदीच कामी येतात.

म्हणूनच ज्यांच्या घरी नली आहे त्यांनी ती जपून ठेवावी, तिच्या पानांचे फोटो काढावेत, आणि आजोबा हयात असतील तर एकेका बोटीचं नाव वाचून त्यांना विचारावं: सारंग कोणत्या गावचा होता, जेवण कोण रांधत होतं, पगार किती, वादळात काय केलंत, कोण परत आलं नाही? त्यांचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायला पंधरा मिनिटंही पुरतात. आजी असेल तर तिच्याशीही बोलावं. युद्धात गेलेल्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत विनाशुल्क शोधता येतात. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मडगावच्या महाविद्यालयांतले इतिहासाचे विद्यार्थी हे काम प्रकल्प म्हणून हाती घेऊ शकतात, कारण साठच्या दशकात विशीत असताना बोटीवर चढलेला माणूस आज ऐंशीच्या घरात आहे.