अर्धा कोयता

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयातला अपघात विभाग. मामांच्या रिपोर्टची वाट बघत मी बाकड्यावर बसलोय. शेजारी एक तिशीची बाई, कपाळाला फडकं करकचून आवळून, भिंतीकडं तोंड करून बसलीय. उजेड सोसत नाही म्हणते.

तेवढ्यात स्ट्रेचर आत येतं. विशीतलं पोरगं, मोटारसायकलवरून पडलेलं, कानातून रक्त. मागं आठ-दहा मित्र, सगळ्यांच्या हातात मोबाईल, हेल्मेट एकाच्याही नाही. डॉक्टर डोळ्यांत टॉर्च मारतात, नाव विचारतात, छातीच्या हाडावर मूठ दाबतात. "नऊ." सिस्टर लिहून घेते. शुद्धीची ही ग्लासगोची मोजपट्टी ३ ते १५ ची, १९७४ मधली. पोराला सीटी स्कॅनकडं पळवतात.

मग बाईचा नंबर.

"पडली," नवरा सांगतो.

"त्यांना बोलू द्या." सिस्टर वाकून हळू विचारते, "पडलीस, का पाडलं?"

"न्हाय वो ताई. मोळी घिऊन फळीवरनं ट्रकात चढत होते."

सांगलीकडच्या उसाच्या फडात, बारा दिवसांपूर्वी. घडीभर शुद्ध हरपली, कुणी पाणी मारलं, ही उठली आणि पुन्हा मोळ्या बांधायला लागली. आता दहाव्यासाठी गावी आलेत म्हणून इथवर पोचली. डॉक्टर तपासून लिहितात: १५ पैकी १५. पट्टीच्या लेखी बाई ठणठणीत.

पण ती सांगतच राहते. भाकरी तव्यावर टाकली की विसरते. लेकीला हाक मारताना जावेचं नाव येतं. पाळी महिन्यात दोनदा आली. डोक्याच्या मारानं पाळी बिघडू शकते. डोकेदुखी, चक्करही बायकांत जास्त रेंगाळते, असं बरेच अभ्यास सांगतात. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत चेतातंतू ताणून पाहिले, तर मादीचे तंतू बारीक, आतल्या आधाराच्या सूक्ष्म नळ्या कमी, म्हणून इजा जास्त. हे कळायला एवढा उशीर का? १९२८ मध्ये डोक्याला सतत बसणाऱ्या माराबद्दल डॉक्टर लिहू लागले ते मुष्टियोद्ध्यांवरून. डोक्यावर मोळी वाहणारी तेव्हा कुणाच्या ध्यानात असणार!

बाकड्यावरची म्हातारी तोंड घालते, "पिशवीचं हाय ते. काढून टाक, मोकळी हुशील."

कुणी हसत नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली होती. डोकं दुखलं तरी बोट पोटाकडंच.

डॉक्टर सीटी लिहितात, वर विश्रांती सांगतात. नवरा अंगठ्यानं बोटांची पेरं मोजतोय. "उचल जोडीवर घेतलीय, सायेब. ही बसली की माझा अर्धा कोयता."

बाई फडकं सोडते, पुन्हा बांधते, आधीपेक्षा घट्ट.

"विश्रांती म्हंजी मोळी उचलायची न्हाय," ती विचारते, "का तोडायचं बी न्हाय?"