मंडळी आणि मंदिर

कोल्हापुरात ‘मंडळी’ हा शब्द पावलोपावली भेटतो. तालमीची मंडळी, भजनी मंडळी, नाटक मंडळी. जुन्या वळणाचा गृहस्थ पत्नीचा उल्लेखही ‘आमची मंडळी’ असा करतो. याच शहरातील मराठी प्रोटेस्टंट ख्रिस्ती माणूस हा शब्द आणखी एका अर्थाने वापरतो. रविवारी तो ‘चर्चला’ जातो, पण सभासद असतो ‘मंडळीचा’. चर्च म्हणजे दगडविटांची वास्तू आणि मंडळी म्हणजे तीत जमणारी माणसे, अशी ही वाटणी वरवर सरळ दिसते. तिच्या मुळाशी गेल्यावर मात्र ती इतकी सरळ नाही, असे मला आढळले.

नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द ‘एक्लेसिया’. हा शब्द आधी धर्माचा नव्हता. अथेन्समध्ये नगराचा कारभार ठरवण्यासाठी जमणारी नागरिकांची सभा म्हणजे एक्लेसिया. लॅटिनमधून पोर्तुगीजमध्ये जाताना त्याचे ‘इग्रेजा’ झाले आणि कोंकणीत ‘इगर्ज’. गोव्यात आज इगर्ज म्हटले की पांढरी दर्शनी भिंत आणि घंटा डोळ्यांपुढे येते. इंग्रजी ‘चर्च’चा प्रवास नेमका उलटा. त्याचे मूळ ‘प्रभूचे’, म्हणजे प्रभूचे घर, या अर्थाच्या दुसऱ्या ग्रीक शब्दात आहे. पण त्यात पुढे माणसेही आली. सभेच्या शब्दाची इमारत झाली आणि घराच्या शब्दात समाज मावला. मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरांनी एक्लेसियासाठी ‘मंडळी’ योजला, तेव्हा मूळ अर्थ त्यांनी अचूक पकडला असे मला वाटते. मंडळीला छप्पर नसते. ती जमते आणि उठते.

पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती लोक बहुधा असेच जमत. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी प्रिस्किल्ला आणि अक्विला या दांपत्याच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगितला आहे. सीरियातील दुरा-युरोपोस येथे इ. स. २४०च्या सुमाराचे उपासनागृह उत्खननात सापडले. तेही मुळात राहते घर. दोन खोल्यांमधील भिंत पाडून सभेपुरती जागा केलेली.

कोल्हापूरची कथा १८५२ मध्ये सुरू होते. त्या वर्षी रॉयल गूल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी येथे आले. १८७० मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. या पंथाचे नावच ‘वडील’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले आहे. पाळकाबरोबर सभासदांनी निवडलेले वडील मंडळीचा कारभार पाहतात, ही त्याची रीत. म्हणजे ‘मंडळी’ ही येथे केवळ उपमा नव्हती, कारभाराची पद्धत होती. तरीही शहरात ‘वाइल्डर मेमोरियल चर्च’ उभे राहिले, आणि त्या माणसाचे नाव टिकवून धरले ते वास्तूने.

केवळ माणसांवर भिस्त ठेवणारा प्रयोग जवळच साताऱ्याला झाला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबारही फार काळ चालला नाही. त्यांची भजने मात्र आजही मराठी उपासनांतून गायिली जातात. गंमत अशी, की ती गायिली जातात त्याच भिंतींच्या आत, ज्यांच्या पलीकडे टिळक पाहत होते.

हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांची एक संयुक्त मंडळी झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात तिच्यासह सहा परंपरा ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त एकवटल्या. माणसे एक झाली, पण मिळकती? गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला, की विलीनीकरणाचा ठराव केल्याने जुनी नोंदणीकृत संस्था आपोआप विसर्जित होत नाही आणि तिची मालमत्ताही नव्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्याने सांगितलेली रीत पाळावी लागते. श्रद्धेच्या भाषेत मंडळी म्हणजे माणसे; कायद्याच्या दप्तरात मात्र संस्था, विश्वस्त आणि सातबारा.

म्हणून ‘चर्च म्हणजे माणसे, इमारत नव्हे’ हे वाक्य मला अपुरे वाटते. बाप्तिस्म्याची वही, लग्नाची नोंद, दफनाचा दाखला कुठल्यातरी कपाटात राहतो आणि ते कपाट कुठल्यातरी भिंतीला टेकलेले असते. ज्या कुटुंबांनी धर्मांतरानंतर गाव, भाऊबंद, कधी वाटणीही गमावली, त्यांच्या वंशजांना आपला मागोवा तिथेच लागतो. शहरातल्या जागेला सोन्याचा भाव आला असताना अशी वास्तू कुणाची, हे ठरवताना सातबाऱ्यावरचे नाव पाहावेच लागेल. पण त्याबरोबर त्या वह्यांतली नावेही वाचावीत, कारण मंडळीची यादी तीच आहे.