चिप लेव्हलची विद्या : बिघडलेला बोर्ड, त्याची दुरुस्ती आणि अहिल्यानगरची वीज

टीव्ही, वॉशिंग मशीन, फ्रिज किंवा एअर कंडिशनर बंद पडतो तेव्हा पुष्कळदा त्याची मोटार, कॉम्प्रेसर किंवा पडदा शाबूत असतो आणि दोष त्यांना आज्ञा देणाऱ्या छापील परिपथ फलकात असतो. कारागीर या फलकाला ‘पीसीबी’, ‘कार्ड’ किंवा ‘किट’ म्हणतात. घरोघरी तो नुसता ‘बोर्ड’ असतो. हा बोर्ड सबंध काढून नवा बसवावा, की त्यावरच्या अनेक घटकांपैकी नेमका निकामी झालेला एक शोधून तेवढाच बदलावा, हा प्रश्न वरवर पाहता खर्चाचा वाटतो. परंतु अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात तो मांडला, तर तो निदानाचा आणि विजेचा प्रश्न आहे हे स्पष्ट होते. बोर्ड बदलल्याने बिघाड जातो, पण बिघाडाचे कारण बोर्डाबाहेर असेल तर ते तिथेच राहते आणि नव्या बोर्डाच्याही वाट्याला येते. दुरुस्तीच्या विद्येचे खरे मोल या कारणाचा शोध घेण्यात आहे.

बोर्ड म्हणजे काय

स्वस्त घरगुती उपकरणांत कागद आणि फिनॉलिक राळ यांचा एकाच बाजूला तांबे असलेला तपकिरी फलक वापरतात, तर अधिक गुंतागुंतीच्या उपकरणांत काचतंतू आणि इपॉक्सी यांचा हिरवा, दोन्ही बाजूंना किंवा आतल्या थरांतही तांबे असलेला फलक असतो. फलकाच्या एका भागात घरातील २३० व्होल्टची वीज येते. फ्यूज आणि व्हॅरिस्टर हे संरक्षक घटक ओलांडून ती ब्रिज रेक्टिफायरमधून एकदिश होते आणि मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टच्या रूपात साठते. त्यापुढे ‘एसएमपीएस’ नावाची स्विचिंग पद्धतीची रचना सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत या उच्च दाबापासून १२ आणि ५ व्होल्टचा सौम्य पुरवठा तयार करते. १२ व्होल्टवर रिले चालतात आणि ५ व्होल्टवर मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरणाचा कार्यक्रम साठवणारी व चालवणारी चिप. उच्च दाबाची ‘हॉट’ बाजू आणि सौम्य दाबाची ‘कोल्ड’ बाजू यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर आणि ऑप्टोकपलर असतात. ऑप्टोकपलर प्रकाशाच्या साहाय्याने निरोप पोचवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचा थेट विद्युतसंबंध येत नाही.

ही रचना ध्यानात घेतली म्हणजे दुरुस्तीला एवढा वाव का असतो, ते कळते. विजेचा प्रत्येक धक्का प्रथम फ्यूज, व्हॅरिस्टर, ब्रिज आणि स्विचिंग आयसी यांवर येतो. हे घटक बाजारात सुटे मिळतात आणि त्यांची किंमत सबंध बोर्डाच्या किमतीपुढे नगण्य असते. बोर्डाचा सर्वांत महत्त्वाचा आणि कारखान्याबाहेर सहसा न मिळणारा भाग म्हणजे कार्यक्रम भरलेला मायक्रोकंट्रोलर. तो मागच्या रांगेत असल्यामुळे पुष्कळदा वाचतो. अशा वेळी सबंध बोर्ड टाकून देणे म्हणजे शाबूत आणि दुर्मिळ भाग टाकून सुलभ भागाचा दोष दूर करणे होय.

जिल्ह्याची वीज आणि बोर्डाचे आयुष्य

सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरचा, १४ तालुक्यांचा हा जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असून त्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत येतो. उत्तरेकडे प्रवरा-मुळेच्या कालव्यांवरचा उसाचा पट्टा आणि दक्षिणेकडे पाथर्डी, कर्जत, जामखेडची कोरडवाहू जमीन, अशी त्याची दोन रूपे आहेत. दोन्हीकडे सिंचनाचा मोठा भार विजेच्या पंपावर आहे. श्रीरामपूर, राहुरी आणि लगतच्या भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था २०११ पर्यंत ग्राहकांना वीज वाटत होती. ग्रामीण वीजवितरणही सहकारातून करू पाहणारी ही राज्यातील वेगळी संस्था होती. तिच्यानंतर हे काम महावितरणकडे गेले. वितरक कोणीही असो, वाड्या-वस्त्यांवर आणि शेतातल्या घरांत वीज लांबच लांब तारांवरून येते, आणि अशा तारेच्या टोकाला पंप सुरू असताना दाब खाली जातो, पंप एकदम बंद झाले की वर उसळतो.

या चढउतारांत बोर्डाला सर्वांत घातक ठरतो तो तुटलेला न्यूट्रल. तीन फेजच्या वाहिनीत कोणताही एक फेज आणि न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट असतात, परंतु दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट असतात. रोहित्रापासून येणारा न्यूट्रल कुठे तुटला किंवा त्याचा जोड सैल झाला, तर वेगवेगळ्या फेजवरची घरे एकमेकांशी सलग जोडल्यासारखी होतात आणि ज्या घरात त्या क्षणी भार कमी असतो तिथे दाब धोकादायक पातळीपर्यंत चढतो. अशा वेळी व्हॅरिस्टर वीज वाहू लागतो, स्वतः फुटतो आणि फ्यूज उडवून मागच्या भागाला वाचवतो. बोर्डाने आपले संरक्षणाचे काम चोख केलेले असते, तरी घरमालकाला मात्र ‘बोर्ड जळाला’ एवढेच सांगितले जाते.

कमी दाबाचा परिणाम संथ असतो. एसएमपीएसला ठरावीक शक्ती पुरवायची असल्याने दाब घसरला की ती अधिक प्रवाह ओढते आणि तापते. इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरमधील द्रव उष्णतेने हळूहळू आटतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा कॅपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा या क्षेत्रातला प्रचलित नियम आहे. त्यात उन्हाळ्याचा ताव, धूळ, वळवाच्या पावसाबरोबर येणाऱ्या विजा, डिश अँटेनाच्या केबलमधून आत शिरणारा धक्का, उबेसाठी एअर कंडिशनरच्या पेटीत शिरून दोन टोके जोडणारी पाल आणि कोरड्या मुरमाड जमिनीत ओल नसल्याने निकामी झालेले अर्थिंग यांची भर पडते.

निदानाची पद्धत

बोर्डावरचा घटक ओळखून बदलण्याच्या कामाला कारागीर ‘चिप लेव्हल’चे काम म्हणतात. त्याची सुरुवात डोळ्यांनी होते: फुगलेला कॅपॅसिटर, काळा पडलेला रोधक, तडकलेला व्हॅरिस्टर, आणि रिले, ट्रान्सफॉर्मर किंवा कनेक्टर यांसारख्या जड घटकांच्या पायाभोवती डाखावर पडलेली बारीक वर्तुळाकार चीर, जिला ‘ड्राय सोल्डर’ म्हणतात. शिसे-कथिलाचा जुना ६३/३७ डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो, तर आजचा शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना. त्यामुळे नव्या बोर्डावर काम करताना उष्णता अधिक आणि वेळ कमी, हे तंत्र हातात बसावे लागते, अन्यथा तांब्याची पट्टी फलकापासून सुटते.

त्यानंतर मल्टिमीटर आणि ‘सिरीज बल्ब’ यांची पाळी येते. बोर्डाला थेट वीज न देता ६० किंवा १०० वॅटच्या तारेच्या दिव्यातून ती दिली जाते. बोर्डात शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि प्रवाह मर्यादित राहिल्याने नवे घटक जळत नाहीत, शॉर्ट नसेल तर दिवा क्षणभर उजळून मंद होतो. मुख्य कॅपॅसिटर वीज काढल्यावरही भारित राहू शकतो, म्हणून तो रोधकातून रिकामा केल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, हा या कामाचा पहिला धडा असतो.

निदानाचा कस लागतो तो अर्धवट बिघाडात. आटलेल्या कॅपॅसिटरमुळे ५ व्होल्टच्या पुरवठ्यात तरंग निर्माण होतात. मल्टिमीटर सरासरी दाखवत असल्याने आकडा बरोबर दिसतो, पण मायक्रोकंट्रोलर पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतो आणि यंत्र मध्येच थांबते. घाईचा निष्कर्ष ‘चिप गेली, बोर्ड बदला’ असा निघतो. कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध मोजणारा ईएसआर मीटर वापरणारा कारागीर मात्र एका लहानशा घटकापाशी थांबतो. चिपला दोष देण्यापूर्वी तिला शुद्ध पुरवठा, क्लॉकचे स्पंदन आणि रिसेटचा संकेत मिळतो की नाही हे तपासणे, ही या विद्येची शिस्त आहे.

बदलण्याची बाजू

नवा बोर्ड बसवणे ही नेहमीच उधळपट्टी असते असे मानणे अन्यायाचे ठरेल. सुपे (ता. पारनेर) येथील औद्योगिक क्षेत्रात घरगुती उपकरणांचे आधुनिक कारखाने उभे राहिले आहेत, अशा उत्पादनात हजारो बोर्ड एकसारख्या पद्धतीने यंत्रावर जोडले व तपासले जातात आणि त्यांची उत्तरदायित्वाची साखळी अखंड असते. कंपनीच्या तंत्रज्ञाला दिवसाला अनेक घरे गाठायची असतात, निदानाला किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही, आणि हमीच्या काळात बोर्ड उघडणे ग्राहकालाच महागात पडते. ओलाव्यापासून बचावासाठी वॉशिंग मशीनचे अनेक बोर्ड राळेत किंवा जेलमध्ये बुडवलेले असतात. तो थर काढताना घटक तुटतात. फलक जळून कोळसा झाला असेल तर तो कोळसाच वीज वाहू लागतो आणि वरून नवे घटक जोडणे आगीला निमंत्रण ठरते. इन्व्हर्टर एअर कंडिशनरमध्ये कॉम्प्रेसर चालवणारे शक्तिशाली मॉड्यूल आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधील हजारो व्होल्टचा भाग हे अर्धवट ज्ञानाने हाताळण्याचे विषय नाहीत. फ्यूजच्या जागी तार बांधणे याला तर दुरुस्ती म्हणताच येणार नाही.

दुसरीकडे, नवा बोर्ड मिळतच नाही अशीही स्थिती येते. शेजारच्या जिल्ह्यातील चितेगाव येथे कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनचे टीव्ही आणि वॉशिंग मशीन मराठवाड्यापासून नगरपर्यंत घराघरांत पोचले. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि अशा प्रसंगी मूळ सुटे भाग मिळण्याचा मार्ग आकसतो. मग ‘युनिव्हर्सल बोर्ड’ हा मधला मार्ग निघतो: टीव्हीच्या पडद्याचा प्रकार जुळवून बाजारातला सर्वसाधारण बोर्ड बसवला जातो. तो काम करतो, पण मूळ बोर्डाची गुणवत्ता आणि संरक्षण त्यात असेलच असे नाही. त्यासाठी आणि सुट्या आयसींसाठी जिल्ह्यातील कारागिराला पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड यांवर विसंबावे लागते.

आकृती, अधिकार आणि शिक्षण

रेडिओ आणि जुन्या टीव्हीच्या काळात परिपथाची आकृती उपकरणासोबत किंवा सेवापुस्तिकेत मिळत असे आणि कारागीर तिच्यावरूनच शिकत असे. आज बहुतेक घरगुती उपकरणांबाबत ती आकृती स्वतंत्र कारागिराच्या हाती पडत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे आहेत. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचा गुणांक छापणे बंधनकारक केले. भारतातही अशा निर्देशांकासाठी २०२४ मध्ये समिती नेमली गेली. जगात २०२२ या एका वर्षात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी कचऱ्याची नोंदणीकृत पद्धतीने विल्हेवाट लागली, हे पाहता या प्रयत्नांची निकड वेगळी सांगावी लागत नाही. मात्र सुटे भाग म्हणून केवळ सबंध बोर्ड उपलब्ध झाला, तर अधिकार मिळूनही विद्या वाढणार नाही. आकृती आणि घटकांची यादी खुली झाली पाहिजे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक’ हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकवला जातो. त्याला जिल्ह्याच्या विजेची जोड दिली, म्हणजे बोर्डाबरोबर घराच्या न्यूट्रलचा जोड, अर्थिंगचा रोध आणि संध्याकाळचा दाब मोजणे हेही दुरुस्तीचेच काम मानले, तर तयार होणारा कारागीर यंत्रापुरता मर्यादित राहणार नाही. निर्णयाचा निकष त्यातूनच हाती येतो. दोष पुरवठ्याच्या भागात असेल आणि फलक शाबूत असेल तर दुरुस्ती करावी. फलक जळालेला असेल, कार्यक्रम भरलेली चिप गेली असेल किंवा सुरक्षिततेची खात्री देता येत नसेल तर बोर्ड बदलावा. आणि दोन्ही प्रसंगी उपकरण पुन्हा जोडण्यापूर्वी भिंतीतल्या सॉकेटपासून खांबापर्यंतचा मार्ग तपासावा, जास्त आणि कमी दाबाला वीज तोडणारे संरक्षक उपकरण बसवावे. एवढे काम करणाऱ्या कारागिराचा मेहनताना बदललेल्या घटकाच्या किमतीवरून ठरवून चालणार नाही. निदानाचे मोल वेगळे मोजून देण्याची सवय ग्राहकाला लागली, तरच ही विद्या जिल्ह्यात टिकेल.