महापौर व नगराध्यक्ष : पिंपरी-चिंचवड व चाकण

महानगरपालिकेच्या निर्वाचित प्रमुखास महापौर आणि नगरपरिषदेच्या निर्वाचित प्रमुखास नगराध्यक्ष म्हणतात. पुण्याच्या वायव्येस व उत्तरेस पसरलेल्या पिंपरी-चिंचवड-चाकण या औद्योगिक पट्ट्यात ही दोन्ही पदे आणि त्यांच्या जोडीला ग्रामपंचायतीच्या सरपंचाचे पद अवघ्या काही किलोमीटरांच्या अंतरात आढळते. लोकसंख्या व उत्पन्न या दोहोंच्या दृष्टीने या तिघांत महापौर मोठा. तथापि प्रत्यक्ष कार्यकारी सत्ता आणि मतदारांशी सरळ नाते या दोन कसोट्यांवर तोच सर्वांत दुर्बल ठरतो. ही विसंगती अपघाताने आलेली नसून ती ज्या कायद्यांनी ही पदे निर्माण केली, त्यांच्या रचनेतच आहे.

पूर्वेतिहास : मुंबई शहरात १८६५ च्या कायद्याने आयुक्तपद निर्माण झाले आणि आर्थर क्रॉफर्ड हा पहिला आयुक्त झाला. त्याच्या बेसुमार खर्चाविरुद्ध करदात्यांनी चळवळ केली. तीतून निर्वाचित सभासदांचे मंडळ आले, परंतु शासननियुक्त आयुक्त कायम राहिला. १८८८ च्या मुंबई महापालिका अधिनियमाने ही द्विदल व्यवस्था पक्की केली : धोरण ठरविणे व खर्चास मंजुरी देणे सभागृहाकडे आणि अंमलबजावणी आयुक्ताकडे. सभागृहाच्या प्रमुखास त्या वेळी अध्यक्ष म्हणत. सर फिरोजशहा मेहता यांनी हे पद भूषविले होते. १९३१ मध्ये ‘अध्यक्ष’ ऐवजी ‘मेयर’ हे नामाभिधान आले. पदाची प्रतिष्ठा वाढली, अधिकार मात्र वाढले नाहीत. मेयर या शब्दास महापौर हा प्रतिशब्द वि. दा. सावरकर यांनी सुचविला, असे सामान्यतः मानले जाते. हीच व्यवस्था मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ (आताचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) अन्वये इतर शहरांना लागू झाली.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) भोसरी, चिंचवड व आकुर्डी परिसरात कारखान्यांची दाट वस्ती झाली. वाढत्या वस्तीस पाणी, रस्ते व गटारे पुरविणे ग्रामपंचायतींच्या आवाक्याबाहेरचे होते. अण्णासाहेब मगर यांच्या पुढाकाराने पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी यांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९८६ मध्ये होऊन ज्ञानेश्वर लांडगे हे पहिले महापौर झाले. १९९७ मध्ये तळवडे, चिखली, मोशी, चऱ्होली, वाकड, रावेत इ. गावे हद्दीत आली. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सु. १७.३ लाख होती.

या स्थित्यंतरात एक गोष्ट सहसा नजरेआड होते. गावांची नगरपालिका झाली तेव्हा सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आला. नगरपालिकेची महानगरपालिका झाली तेव्हा नगराध्यक्षाच्या जागी महापौर आला. मान प्रत्येक पायरीला वाढला. कार्यकारी अधिकार मात्र दुसऱ्या पायरीला आयुक्ताकडे गेले.

महापौराची निवड व अधिकार : महापौर नगरसेवकांमधून नगरसेवकच निवडतात. सार्वत्रिक निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत, शासकीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली, हात वर करून मतदान होते. मते समसमान पडल्यास चिठ्ठी टाकून निर्णय होतो. पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ अन्वये जाऊ शकते. त्यामुळे एका पक्षास स्पष्ट बहुमत असेल, तर महापौर कोण हे सभागृहाबाहेर, पक्षश्रेष्ठींच्या बैठकीतच ठरते आणि सभा हा उपचार उरतो. महापौरपद अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, नागरिकांचा मागास प्रवर्ग व महिला यांच्यासाठी फिरत्या क्रमाने राखीव असते. त्याची सोडत राज्याचा नगरविकास विभाग काढतो.

पदाची मुदत प्रारंभी एक वर्षाची होती. पुढे ती अडीच वर्षांची करण्यात आली. एक वर्षात शहराचे प्रश्न समजून घेण्यातच काळ जातो, असा या बदलामागील विचार होता. व्यवहारात पक्षांनी त्यातून वाट काढली. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१७ मध्ये भारतीय जनता पक्षास प्रथमच सत्ता मिळाली व चऱ्होलीचे नितीन काळजे महापौर झाले. त्यांनी २०१८ मध्ये राजीनामा दिल्यावर चिखली परिसरातील राहुल जाधव यांची निवड झाली. एका मुदतीत दोघांना संधी देण्याची ही रीत केवळ एका पक्षाची नाही. २०१९ मध्ये उषा ऊर्फ माई ढोरे महापौर झाल्या.

महापौर सर्वसाधारण सभेचे अध्यक्षस्थान भूषवितो, सभेचे नियमन करतो, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतो आणि शहराचा प्रथम नागरिक म्हणून समारंभांत प्रतिनिधित्व करतो. तिजोरीच्या किल्ल्या त्याच्याकडे नसतात. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतो व ते प्रथम स्थायी समितीपुढे जाते. मोठ्या निविदा व ठेके यांस मंजुरी देणारी ही सोळा सदस्यांची समिती आपला सभापती स्वतः निवडते; महापौर तिचा अध्यक्ष नसतो. जकातीच्या उत्पन्नामुळे श्रीमंत समजल्या जाणाऱ्या या महानगरपालिकेत स्थायी समितीच्या सभापतिपदासाठी महापौरपदाइतकीच, किंबहुना अधिक, चुरस होत असे, यात नवल नाही. जकात २०१३ मध्ये बंद होऊन स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात तो विलीन झाला. तेव्हापासून उत्पन्नाचा मोठा भाग राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईवर अवलंबून आहे. सभागृहाची आर्थिक स्वायत्तता त्यामुळे आणखी आकसली.

आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते आणि महानगरपालिकेची कार्यकारी सत्ता कायद्याने त्याच्या ठायी असते. एकूण नगरसेवकांपैकी किमान पाच-अष्टमांश सदस्यांनी ठराव केल्यास शासनाने आयुक्तास परत बोलाविले पाहिजे, अशी तरतूद आहे. महापौरास कार्यकारी अधिकार देण्याचा एक प्रयोग राज्यात झाला : १९९८ मध्ये मुंबई व नागपूर येथे ‘महापौर परिषद’ पद्धती आणण्यात आली, परंतु ती १९९९ मध्येच रद्द झाली. पिंपरी-चिंचवडपर्यंत ती पोहोचलीच नाही.

नगराध्यक्ष : नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र अधिनियमानुसार चालतो. येथेही शासननियुक्त मुख्याधिकारी असतो. तथापि नगराध्यक्ष हा स्थायी समितीचा पदसिद्ध सभापती असतो, वित्तीय व कार्यकारी प्रशासनावर त्याची देखरेख असते आणि आणीबाणीच्या प्रसंगी तातडीची कामे करण्याचा आदेश तो देऊ शकतो. गैरवर्तन वा कर्तव्यात कसूर या कारणांवरून शासन त्यास पदावरून दूर करू शकते.

त्याच्या निवडीची पद्धत मात्र वारंवार बदलली. १९७४ मध्ये राज्यात नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडण्यात आले. पुढे ती पद्धत सोडण्यात आली. २००१ मध्ये ती पुन्हा आली व २००६ मध्ये गेली. २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारण्यात आली. थेट निवडणुकीच्या समर्थकांच्या मते तीमुळे नगरसेवकांची फोडाफोड थांबते व नगराध्यक्षास स्थैर्य लाभते. विरोधकांचा आक्षेप असा, की नगराध्यक्ष एका पक्षाचा व बहुमत दुसऱ्याचे असे झाल्यास कारभार अडतो. २०१६ नंतर अनेक गावांनी हा अनुभव घेतला. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे; परंतु बदलांच्या तारखा राज्यातील सत्तांतरांशी इतक्या जुळतात, की पद्धतीची निवड तात्त्विक विचाराने होण्यापेक्षा सत्ताधारी पक्षांच्या सोयीने झाली, असेच म्हणावे लागते.

थेट निवडणुकीत ज्यास सर्वाधिक मते, तो विजयी होतो. निम्म्याहून अधिक मतांची अट नसते. याउलट पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाच्या १९९२ च्या संविधानानुसार राष्ट्राध्यक्षास निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागतात. न मिळाल्यास पहिल्या दोघांत फेरनिवडणूक होते. तेथे सर्व कार्यकारी सत्ता एका व्यक्तीच्या हाती जाणार असल्याने व्यापक पाठिंब्याची ही अट आवश्यक मानली गेली. महाराष्ट्रातील नगराध्यक्षास लोकांचा थेट कौल मिळतो, पण त्या तोलाची सत्ता मिळत नाही. भारतात मध्य प्रदेश व उत्तर प्रदेश या राज्यांत महापौरही थेट निवडला जातो.

चाकण व परिसर : २०१५ च्या सुमारास चाकण ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली. वाहन-उद्योगामुळे चाकणचे नाव देशभर झाले असले, तरी औद्योगिक क्षेत्राचा मोठा भाग म्हाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी, वासुली इ. गावांच्या हद्दींत आहे आणि तेथील नियोजन औद्योगिक विकास महामंडळाकडे आहे. परिणामी कामगारांच्या वस्तीचा, वाहतुकीचा व कचऱ्याचा भार चाकणच्या नगराध्यक्षावर पडतो, परंतु कारखाने त्याच्या अधिकारक्षेत्राबाहेर राहतात. त्या गावांचे सरपंच २०१७ च्या दुरुस्तीने थेट निवडले जाऊ लागले. ती तरतूदही २०२० मध्ये रद्द होऊन २०२२ मध्ये परत आली.

प्रशासकीय राजवट : संविधानाच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीनुसार (१९९२) नागरी संस्थेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक होणे बंधनकारक आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची मुदत १३ मार्च २०२२ रोजी संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाबाबतचा न्यायालयीन वाद आणि प्रभागरचनेतील फेरबदल यांमुळे निवडणुका लांबल्या व आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा, त्यास स्थायी समिती म्हणून मान्यता देणारा आणि सर्वसाधारण सभा म्हणून तो संमत करणारा अधिकारी एकच, अशी स्थिती जवळजवळ चार वर्षे टिकली. या काळात शहरास महापौर नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिल्यानंतर राज्यातील बहुसंख्य नगरपरिषदांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी आणि पिंपरी-चिंचवडसह २९ महानगरपालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले.

चाकण व लगतच्या गावांची मिळून स्वतंत्र महानगरपालिका स्थापण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला. कारखाने व वस्ती त्यामुळे एका हद्दीत येतील आणि नियोजनातील जुना दोष कमी होऊ शकेल. मात्र विद्यमान कायद्यात बदल न झाल्यास, आज सरपंच वा नगराध्यक्ष स्वतः निवडणारा तेथील मतदार शहराचा प्रमुख निवडण्याचा अधिकार नगरसेवकांच्या स्वाधीन करील आणि त्या प्रमुखाकडे स्थायी समितीचे सभापतिपदही राहणार नाही.