पाणीवाल्या बाईंचे राजकारण

चळवळीतून आलेली कार्यकर्ती निवडणूक जिंकून सभागृहात गेली की तिची चळवळ संपते आणि तिचे राजकारण सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मुंबईच्या गोरेगाव उपनगरातून महापालिकेत, तेथून विधानसभेत आणि पुढे लोकसभेत गेलेल्या मृणाल गोरे (१९२८-२०१२) यांच्या कारकिर्दीला तो लागू पडत नाही. पद आणि मोर्चा ही एकाच कामाची दोन साधने आहेत, या धारणेने त्यांनी सुमारे सहा दशके सार्वजनिक जीवन जगले. आज शहरांतील प्रभागांच्या निवडणुकीत स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवण्याची तरतूद राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने केलेली आहे. मृणालताई १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून आल्या तेव्हा असा कोणताही आधार नव्हता.

पूर्वाश्रमीच्या मोहिले असलेल्या मृणालताईंनी राष्ट्र सेवा दल आणि समाजवादी पक्ष यांच्या कामासाठी वैद्यकीय शिक्षण अर्ध्यावर सोडले, १९४८ मध्ये समाजवादी कार्यकर्ते केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला आणि गोरेगाव हीच आपली कर्मभूमी मानली. तेथे स्त्रियांना संघटित करत असताना, कुटुंबनियोजन हा शब्द उच्चारणेही अवघड होते अशा काळात, त्यांनी कुटुंबनियोजनाचे केंद्र चालवले. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले, तेव्हा त्या अवघ्या तिशीच्या होत्या आणि पदरी लहान मुलगी होती. त्यानंतर तीनच वर्षांनी त्या नगरसेविका झाल्या.

त्या काळची उपनगरे म्हणजे शहराच्या हद्दीत नुकतीच आलेली गावे होती. मुंबईची हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, कर आले, परंतु रस्ते, गटारे आणि पाणी त्याच वेगाने आले नाही. शहराला पाणी पुरवणारे तानसा, वैतरणा हे जलाशय उत्तरेकडे आणि जुने शहर दक्षिणेकडे, त्यामुळे उपनगरांतून जाणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या दूरच्या वस्तीची तहान भागवत आणि वाटेवरच्या चाळी-झोपड्यांतील बायका रात्री-अपरात्री हंडे-कळशा घेऊन रांगेत उभ्या राहत. त्यातच अनधिकृत ठरलेल्या वस्तीला नळजोडणी द्यायची नाही, अशी प्रशासनाची वृत्ती. जमिनीच्या मालकीचा वाद सुटेपर्यंत माणसांना तहानलेले ठेवता येत नाही, अशी मृणालताईंची भूमिका होती. नागरी हक्कांचा मुंबईतील इतिहास लिहिताना ती केंद्रस्थानी ठेवावी लागेल.

महापालिकेची रचना ध्यानात घेतल्यास त्यांच्या कार्यपद्धतीचे मर्म उलगडते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यानुसार कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतात. नगरसेवक सभागृहात प्रश्न विचारू शकतो, ठराव मांडू शकतो, अंदाजपत्रकावर बोलू शकतो, पण नळ जोडून देण्याचा आदेश तो स्वतः काढू शकत नाही. म्हणून आत प्रश्न आणि बाहेर हंडा मोर्चा असा दुहेरी दबाव त्यांनी आणला, आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले.

१९७२ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. धान्य, गोडेतेल, साखर, रॉकेल महागले होते आणि रेशनच्या दुकानांपुढे रांगा लागत होत्या. त्या वेळी स्थापन झालेल्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीत समाजवादी मृणाल गोरे व प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि कम्युनिस्ट तारा रेड्डी एकत्र आल्या. एरवी एकमेकांशी कडाडून भांडणाऱ्या पक्षांच्या या कार्यकर्त्या स्वयंपाकघराच्या प्रश्नावर एकवटल्या, हे या समितीचे सर्वांत मोठे यश म्हटले पाहिजे, कारण त्यामुळेच कोणत्याही पक्षाशी संबंध नसलेल्या हजारो गृहिणी प्रथमच रस्त्यावर उतरल्या. लाटणी उगारून निघालेले मोर्चे, ठरावीक वेळी घराघरांतून होणारा थाळीनाद, मंत्र्यांना आणि अधिकाऱ्यांना घातलेले घेराव ही आंदोलनाची साधने घरातूनच आली होती. चुलीशी जखडलेली स्त्री म्हणून जिची कीव केली जाई, तिनेच चुलीचा हिशेब राज्यकर्त्यांपुढे मांडला.

आणीबाणीत त्या आधी भूमिगत राहिल्या आणि १९७५ च्या डिसेंबरात अटक होऊन तुरुंगात गेल्या. १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा गाजली. दिल्लीत मात्र त्या रमल्या नाहीत. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि काही काळ विरोधी पक्षनेत्याही होत्या. गर्भलिंगनिदानावर बंदी आणण्यासाठी त्यांनी अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेले विधेयक, सभागृहापुढे ठेवले. स्त्री संघटनांच्या आंदोलनासह अशा प्रयत्नांतून महाराष्ट्राने १९८८ मध्ये असा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. संकटग्रस्त स्त्रियांना आधार देणारे ‘स्वाधार’ हे केंद्रही त्यांच्याच पुढाकाराने गोरेगावात उभे राहिले.

त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्वांत चिकाटीचे काम घरांचे होते. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने शहरात एका व्यक्तीने किती मोकळी जमीन बाळगावी याची मर्यादा ठरवली होती, अतिरिक्त जमीन सार्वजनिक हितासाठी वापरली जाणे अपेक्षित होते, पण प्रत्यक्षात सवलतींच्या पळवाटांनी ती मालकांकडेच राहत असे. बाबूराव सामंत आदी सहकाऱ्यांसह स्थापलेल्या नागरी निवारा परिषदेने हा कायदा हाती घेऊन सरकारदरबारी व न्यायालयात दीर्घकाळ पाठपुरावा केला आणि गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांसाठी सुमारे सहा हजार घरांची वसाहत उभी केली. १७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले, त्याच्या सुमारे पाच वर्षे आधीच महाराष्ट्र विधिमंडळाने कमाल जमीन धारणा कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला होता; दिंडोशीसारखी दुसरी वसाहत ज्या कायद्याच्या आधारे उभी राहू शकली असती, तो कायदाच आता उपलब्ध नाही.